वधस्तंभाचा अर्थ कोण ठरवितो?

वधस्तंभाचें चिन्ह आज आम्ही मंदिराच्या शिखरावर, शास्त्राच्या पुठ्ठ्यावर व आपल्या मृतांच्या कबरेवर पाहतों, आणि प्रीति व क्षमा यांचें आम्हांस स्मरण होतें. परंतु वाचकहो, हा अर्थ त्या लांकडांत आरंभापासून होता काय?

रोमी राज्यांत वधस्तंभ हें गुलामांचें व बंडखोरांचें शासन होतें. ख्रिस्तपूर्व ७१ सालीं स्पार्टाकस याच्या पक्षाचे सुमारें ६,००० गुलाम रोमास जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनें वधस्तंभांवर टांगण्यांत आले. रोम शहरांत १८५७ सालीं एक प्राचीन भिंत सांपडली. तीवर गाढवाच्या डोक्याचा मनुष्य वधस्तंभावर कोरलेला असून, अलेक्सामेनोस नामक कोणी आपल्या देवास भजत आहे, अशी टवाळी लिहिली आहे. अशा निंदेंतही त्या दीन मंडळीनें तेंच लज्जेचें चिन्ह आपल्या आशेचें चिन्ह मानिलें. कारण त्यावर मरणाऱ्यानें आपणांस मारणाऱ्यांसाठीं क्षमा मागितली होती.

पुढें रोमी बादशहा ख्रिस्ती झाले व तें चिन्ह मानास चढलें. मग १०९५ सालीं पोप दुसरा अर्बन याच्या आज्ञेवरून शिपायांनीं कापडाचे क्रूस आपल्या वस्त्रांवर शिवले, आणि १०९९ सालीं यरुशलेम घेऊन तेथील मुसलमानांची व यहूदी लोकांची कत्तल केली. जें मरणाऱ्याचें चिन्ह होतें, तें मारणाऱ्याचें झालें!

१८६४ सालीं जिनेव्हा येथें जखमी शिपायांच्या शुश्रूषेसाठीं पांढऱ्या भूमीवर तांबडा क्रूस, असें चिन्ह ठरलें. त्यांत धर्माचा पक्षपात नव्हता. तरी १८७६ सालीं तुर्की सरकारनें कळविलें कीं, हें चिन्ह आमच्या मुसलमान शिपायांस दुःख देतें. सबब आम्ही तांबडी चंद्रकोर वापरूं. चिन्ह लावणाऱ्यांचा हेतु दयेचा होता, परंतु पाहणाऱ्यांच्या मनांत त्याचा अर्थ निराळा होता.

कोणी म्हणेल, जग कांहींही समजो; आमच्या अंतःकरणांतील अर्थ खरा आहे, तेवढें पुरे. हें अर्धेंच खरें आहे. अंतःकरण देव पाहतो. शेजाऱ्यास मात्र आमचें आचरणच दिसतें. गळ्यांत क्रूस घालणारा बाजारांत माप कमी भरील, किंवा प्रभुभोजनास एका पंक्तीस बसून घरीं दुसऱ्या जातींतून आलेल्या बंधूच्या हातचें पाणी नाकारील, तर गांवकरी त्या क्रूसाचा अर्थ काय करतील? त्यांनीं रोमाचा इतिहास वाचलेला नाहीं. त्यांच्यापुढें आम्हीच आहों.

यास्तव, बंधुभगिनींनो, चिन्ह मळलें म्हणून तें टाकूं नये, व तें पवित्र आहे म्हणून निर्धास्तही राहूं नये. ज्या हातानें तें धरितों, तोच हात आज शेजाऱ्याशीं कसा वागला, हें प्रत्येकानें रात्रीं निजण्यापूर्वीं आपल्या मनास विचारावें.