नाही म्हणण्याची सवड

रोज रात्री जेवण झालं की तो राक्षस एकच प्रश्न विचारतो. त्याच्या वाड्यात ओलीस असलेली ब्यूटी नाही म्हणते आणि तो निमूट निघून जातो. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ची ही कथा गॅब्रिएल-सुझान द विलनव्ह या फ्रेंच लेखिकेने १७४० मध्ये लिहिली, तेव्हा प्रश्न सरळ शय्येचा होता. लंडनमध्ये मुलींना शिकवणाऱ्या लप्रँस द बोमाँ यांनी १७५६ मध्ये गोष्ट आटोपशीर केली आणि प्रश्न लग्नाचा झाला. कथा सोवळी झाली, पण मर्म टिकलं: नकाराची शिक्षा होत नाही.

परीकथांच्या आजच्या काळोख्या पुनर्कथनांत संथ प्रेमाला मोठी मागणी आहे. वाचकाला ताटकळत ठेवायचं, इतकाच त्याचा अर्थ घेतला की दोनशे पानं नजरानजर आणि मग एक स्पर्श, असा हिशेब उरतो. पण ज्याच्या हाती किल्ल्या आहेत त्याला ओलिसाने लगेच दिलेला होकार भीतीचाही असू शकतो. वेळ हवा तो समोरचा आपला नकार कसा घेतो, हे पाहायला.

तरीही वाडा बंदच असतो, आणि गोड बोलणारा कैदखान्याचा मालक शेवटी मालकच. म्हणून मेजवान्यांपेक्षा मला राक्षस तिला वडिलांकडे जाऊ देतो तो प्रसंग महत्त्वाचा वाटतो. विलनव्हकडे ही रजा दोन महिन्यांची, बोमाँकडे जेमतेम आठवड्याची.

अँजेला कार्टरच्या ‘द टायगर्स ब्राइड’मध्ये (१९७९) बाप मुलीला पत्त्यांत एका वाघाकडे हरतो. वाघाला तिला एकदा विवस्त्र पाहायचं असतं. ती ठाम नकार देते. मग तोच आधी आपला मुखवटा आणि कपडे उतरवतो, आणि त्यानंतर ती. घरी जायची मोकळीक मिळाल्यावर ती बापाकडे आपल्याऐवजी किल्लीची बाहुली धाडायचं ठरवते. वाघाचा राजपुत्र व्हावा, हे तिला नकोच असतं. तिचीच कातडी गळून खाली फर निघते.

सारा जे. मासच्या कादंबरी-मालिकेत तर जाऊ देण्याची हीच कसोटी उलटी लागते. २०१५ च्या पहिल्या भागात नायक टॅमलिन नायिका फेयराला तिच्या जिवाच्या भीतीने घरी परत पाठवतो. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या भागात, शाप सुटल्यावर, रक्षणाच्या नावाखाली तिला वाड्यात कोंडतो. फेयरा त्याला सोडून जाते. लोकप्रिय मालिकेने पहिल्याच भागातला नायक असा मोडीत काढावा, हे धाडस मला पहिल्या भागातल्या सगळ्या हुरहुरीपेक्षा मोठं वाटतं.