निळीचं गाव

मित्रमंडळींबरोबर कच्छला निघालात, तर एक दिवस अजरखपूरसाठी जरूर राखून ठेवा. भूजजवळचं हे गाव २००१ च्या भूकंपानंतर वसलं. भूकंपामुळे धमडका या जुन्या गावच्या पाण्यात लोह वाढलं, कापडाचे रंग बिघडू लागले. तेव्हा अजरख ही कापडावरची ठसेछपाई करणाऱ्या तिथल्या खत्री कारागिरांनी चांगलं पाणी शोधून इथे नव्याने बस्तान बसवलं.

कारागीर लाकडी ठसा कापडावर अचूक टेकवतो आणि मुठीने ठोका देतो. निळीच्या कुंडातून हिरवट निघालेलं कापड हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होतं. हसतखेळत हे सगळं बघा, कारागिरांशी मनमोकळ्या गप्पा मारा. एवढी मेहनत पाहिल्यावर भावाची घासाघीस करावीशी वाटत नाही. दुसऱ्याच्या कष्टांचं मोल कळणं, हीच सहलीची खरी कमाई.