गर्भाशयमुखाची लांबी आणि दैव
गर्भारपणाचे ३७ आठवडे पुरे होण्याआधी झालेल्या बाळंतपणाला अकालप्रसूती म्हणतात. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत, २४व्या आठवड्याच्या आत, गर्भाशयमुखाची, म्हणजे गर्भाशयाच्या खालच्या अरुंद भागाची, लांबी २५ मिलिमीटरहून कमी भरली, तर तिचा धोका वाढलेला मानतात. हा आकडा हाती येताच ‘नशिबातच होते’ असे म्हणणे, किंवा आईच्या उठण्याबसण्याचा हिशेब मांडणे, हा तिच्यावर उघड अन्याय होय. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगताना अधिष्ठान म्हणजे आधारभूत देह, कर्ता, करणे म्हणजे साधने, आणि विविध चेष्टा म्हणजे प्रयत्न, यांच्यानंतर पाचवे म्हणून दैव येते. आखूड मुख हे अधिष्ठानाचे वर्णन आहे, फळाचे नव्हे. कारण अशा पुष्कळ स्त्रिया दिवस भरल्यावरच बाळंत होतात, आणि योनिमार्गातून दिलेल्या प्रोजेस्टेरॉनने, म्हणजे गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाने, एकच गर्भ असताना हा धोका कमी होतो.