टीव्हीसमोरून उठून गेलेली बाई

काही वर्षांपूर्वी, कापूस वेचणीच्या दिवसांत, वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात एका घरी मुक्कामाला होतो. रात्री टीव्हीवर ‘पीपली लाइव्ह’ लागला. आमीर खाननं काढलेला सिनेमा, गाणी सगळ्यांच्या तोंडी. पोरं सरसावून बसली. घरातली मोठी वहिनी दिवसभर वेचणी करून आलेली, तीही दाराशी टेकली. नत्था नावाचा कास्तकार जीव देणार अशी बोलणी पडद्यावर सुरू झाली आणि ती उठली. ‘बसा ना वहिनी,’ मी म्हणालो. ‘मले मालूम हाय भाऊ, पुढं का होते ते,’ म्हणाली आणि चुलीकडे गेली.

तिचा नवरा त्याआधी काही वर्षं ‘गेला’ होता. कसा गेला ते त्या घरात कुणी उच्चारत नाही.

गाजलेला सिनेमा मुद्दाम न पाहणं हा आपल्याकडे आवडीनिवडीचा विषय समजला जातो. कुणाला मारामारी चालत नाही, कुणाला रडकथा. वर्धा जिल्ह्यात राहून मला हे पटत नाही. सिनेमा टाळणाऱ्याला त्यातलं काहीतरी आधीच ठाऊक असतं, किंवा काहीतरी ठाऊक करून घ्यायचं नसतं. या दोन टाळण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि आपण दोन्हींना एकच नाव देतो.

तेव्हाच्या पंतप्रधानांनी 2006 साली शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यांत वर्धा होता. मनमोहनसिंग त्या वेळी इथल्या वायफडला येऊन गेले. त्याच्या आदल्या वर्षी याच जिल्ह्यातल्या डोरलीनं ‘गाव विकणे आहे’ असा फलक लावला होता. म्हणजे सिनेमावाले येण्याआधीच इथलं दुःख कॅमेऱ्यासमोर उभं राहून झालं होतं. जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या विधवेच्या बाबतीत तर ते कागदावरही उतरून झालेलं असतं. तलाठी येतो, पोलीस येतात, पंचनामा होतो. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का, दारू पीत होता का. त्यावरून प्रकरण सरकारी मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरतं. पात्र ठरलं तर एक लाख रुपये. त्यातले तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. ज्या बाईनं आपल्या नवऱ्याचं मरण असं पुन्हा पुन्हा सांगून सिद्ध केलं आहे, तिनं तीच गोष्ट पडद्यावर का पाहावी? तिचं उठून जाणं मला दुबळेपणाचं वाटत नाही. त्या गोष्टीवर तिचा जेवढा अधिकार आहे तेवढा कुणाचाच नाही, आणि ती पुन्हा ऐकायची की नाही हे ठरवणं त्या अधिकारातच येतं.

2010च्या ऑगस्टमध्ये ‘पीपली लाइव्ह’ आला तेव्हा विदर्भ जन आंदोलन समितीनं त्यावर बंदी मागितली होती. शेतकरी भरपाईसाठी जीव देतो असं चित्र त्यातून उभं राहतं, हा आक्षेप होता. बंदीची मागणी मला तेव्हाही मान्य नव्हती, आजही नाही. दिग्दर्शिका अनुषा रिझवी यांचा रोख शेतकऱ्यावर नव्हताच. तो वाहिन्यांवर, पुढाऱ्यांवर, सरकारी योजनांवर होता. पण थिएटरात उठलेलं हसू दिग्दर्शकानं आखलेल्या जागीच थांबत नाही. ते नत्थापर्यंत जातं, आणि नत्थाच्या जागी आपला माणूस दिसणाऱ्या घरापर्यंत जातं. त्या घरानं सिनेमा पाहायचं नाकारलं, तर व्यंग कळलं नाही म्हणून त्यांना नावं ठेवणं अन्यायाचं आहे.

त्याच्या आदल्या वर्षीचा सतीश मन्वर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ मात्र नेमक्या उलट कारणानं टाळला जातो. त्यात हसू कुणाच्या जिवावर उठत नाही. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर अलकाच्या मनात धास्ती बसते, आणि आपला नवरा किसना तसं काही करू नये म्हणून ती त्याच्यावर नजर ठेवते. लहान पोराला त्याच्या मागं धाडते, घरात गोडधोड करते. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी ही माणसं वऱ्हाडी बोलीत उभी केली. विदर्भातल्या किती घरांत बायकांनी फवारणीच्या औषधाचा डबा धान्याच्या कोठीमागं दडवला असेल, दोर उचलून ठेवला असेल, रात्री नवरा उठला की पाठोपाठ उठल्या असतील! हा पहारा कुठल्याही अहवालात नाही, तो या सिनेमात आहे. आणि म्हणूनच तो पहारा ज्यांनी दिला आणि तरी ज्या हरल्या, त्यांना तो पाहवत नाही. सिनेमा खोटा आहे म्हणून नव्हे, फार खरा आहे म्हणून. रॉटरडॅमच्या महोत्सवात तो पाहिला गेला, हे चांगलंच झालं. पण देवळीच्या त्या घरात तो लावावा असं मी कधी सुचवणार नाही.

इथं गांधीजींची आठवण टाळता येत नाही. सिनेमा न पाहणारा सर्वांत मोठा माणूस याच जिल्ह्यात राहिला. 1927-28 साली सरकारच्या सिनेमॅटोग्राफ समितीनं प्रश्नावली पाठवली तेव्हा त्यांनी कळवलं, की मी सिनेमाला कधी गेलेलो नाही, पण त्यानं केलेलं नुकसान बाहेरच्यालाही उघड दिसतं. 1936 साली ते शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला आले, तरी हे मत हललं नाही. त्यांनी सिनेमाला जुगार-सट्ट्याच्या पंगतीत बसवल्यावर पत्रकार ख्वाजा अहमद अब्बास यांनी 1939 साली ‘फिल्मइंडिया’ मासिकात त्यांना जाहीर पत्र लिहिलं. वडिलांशी बोलावं तसं ते पत्र आहे: आमच्या या खेळण्याकडे जरा लक्ष द्या, ते दिसतं तितकं निरुपयोगी नाही, अशा विनवणीचं. 1944 साली तुरुंगातून सुटून जुहूला विश्रांती घेत असताना गांधीजींनी विजय भट्टांचा ‘रामराज्य’ पाहिला. त्यापलीकडे या माध्यमाशी त्यांचं नातं जुळलं नाही.

गांधीजींबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो बाळगूनच म्हणतो, इथं ते चुकले. आश्रमातल्या कुटीत झोपडीतल्या माणसाचं दुःख ऐकायला ते तासन् तास बसत. तेच दुःख लाखोंना एकाच वेळी ऐकवू शकणारं साधन हाताशी आलं होतं आणि त्यांनी ते न पाहताच दोषी ठरवलं. त्यांचं टाळणं तत्त्वाचं होतं, प्रामाणिक होतं. पण ते ठाऊक असण्यातून आलेलं नव्हतं. वहिनीचं टाळणं ठाऊक असण्यातून आलं होतं. त्या रात्री चुलीकडे गेलेल्या बाईची बाजू मला म्हणूनच अधिक भक्कम वाटते.

खरी तक्रार आहे ती आपल्यासारख्यांविषयी. ‘गाभ्रीचा पाऊस’चं नाव काढलं की नागपुरात, पुण्यात ऐकू येतं: ‘छान आहे म्हणतात, पण बघवणार नाही. आधीच आठवडाभर डोकं शिणलेलं असतं.’ मीही तो बरेच दिवस असाच पुढं ढकलला होता आणि त्याची मला लाज वाटते. 2016 साली ‘सैराट’वर अख्खा महाराष्ट्र नाचला, पण पुन्हा लागला की जातीबाहेर लग्न केलेल्या जोडप्याच्या खुनाच्या त्या शेवटच्या काही मिनिटांआधी उठणारी कितीतरी माणसं मला ठाऊक आहेत. त्यांतलं एक जोडपं जातीबाहेर लग्न केलेलं आहे. शेवटाच्या शांततेत त्यांना काय ऐकू येत असेल ते मी विचारलेलं नाही. ती दोघं उठोत. बाकीच्यांनी मात्र बसावं. ज्यांच्या घरावर असं संकट कधीच येणार नाही, ज्यांच्या जातीनं, शहरानं, पगारानं त्यांना त्या शेवटापासून दूर ठेवलं आहे, त्यांना मन दुखतं म्हणून मान वळवण्याचा हक्क कुठून आला? वहिनी उठली तेव्हा तिनं स्वतःला राखलं. आपण उठतो तेव्हा राखतो ती आपली अनभिज्ञता.

त्या रात्री सिनेमा संपल्यावर पोरं पांगली. वहिनीनं ताट वाढून आणलं आणि समोर बसली. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, ‘भाऊ, त्या पिक्चरमधल्या बाईले पैसे भेटले का?’

मी सांगितलं, नाही भेटले. तो मेला असं सगळ्यांनी धरलं, पण सरकारनं ती आत्महत्या मानली नाही, अपघात ठरवला.

‘म्हंजे अपात्र,’ ती म्हणाली, आणि माझ्या ताटात अजून एक भाकर ठेवली.