दुभाष्याची साक्ष

दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात आम्ही वसईकर ख्रिस्ती संत गोन्सालो गार्सिया यांचे स्मरण करतो, तेव्हा नागासाकी हे दूरच्या शहराचे नाव आमच्या ओठांवर घरच्या गावासारखे येते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर २६ जणांना क्रुसावर देण्यात आले. त्या रक्तसाक्षींमध्ये वसईत जन्मलेले हे फ्रान्सिस्कन बंधू होते. त्यांना जपानी भाषा उत्तम अवगत होती, म्हणून मनिलाहून आलेल्या मिशनऱ्यांचे ते दुभाषी झाले. दुभाष्याचे काम वरवर सोपे वाटते. परंतु ऐकणाऱ्याला मूळ भाषा कळत नसते, त्यामुळे दुभाष्याच्या शब्दावर विसंबण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. दुभाष्याने एखादे वाक्य गिळले, तर ते गिळले गेले आहे हेही त्याला कळत नाही.

वर्तमानपत्राचा विज्ञान-वार्ताहर हादेखील असाच एक दुभाषी होय. प्रयोगशाळेची भाषा सामान्यांना कळत नाही. ती तो आपल्या भाषेत आणतो आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो. मग त्याने सत्याचा सोयीचा तेवढाच भाग सांगितला, तर ती खोटी साक्ष ठरते काय? या प्रश्नाचा विचार करताना एका नामांकित वार्ताहराची कारकीर्द आमच्या डोळ्यांपुढे उभी राहते, आणि ती आपल्याला पुन्हा नागासाकीलाच घेऊन जाते.

विल्यम लॉरेन्स यांचा जन्म १८८८ साली लिथुआनियात एका यहुदी कुटुंबात झाला. १९०५ साली ते अमेरिकेत आले, तेथे शिकले आणि १९३० साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये विज्ञानविषयक वार्ताहर म्हणून रुजू झाले. विज्ञानाची बातमी हे स्वतंत्र कसब आहे, ही जाणीव त्या काळी नुकतीच रुजत होती. १९३४ साली अमेरिकेतील विज्ञानलेखकांची संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत लॉरेन्स होते. १९३७ साली पाच विज्ञान-वार्ताहरांना मिळून पुलित्झर पारितोषिक देण्यात आले. त्यांत लॉरेन्स यांच्या बरोबरीने आपल्या दिल्लीचे गोविंद बिहारी लाल हेही होते. युरेनियमच्या अणूत दडलेल्या शक्तीविषयी लॉरेन्स यांनी ५ मे १९४० रोजी पहिल्या पानावर लिहिले, तेव्हा फार थोड्या वाचकांना त्याचे मर्म उमगले असेल.

१९४५ च्या वसंतात जनरल ग्रोव्ह्ज यांनी त्यांना गुप्त अणुबाँब प्रकल्पात बोलावून घेतले. वार्ताहर राहूनच ते लष्कराच्या सेवेत दाखल झाले. इतर कोणाही पत्रकाराला बंद असलेली दारे त्यांना उघडली गेली, आणि सरकारची निवेदने त्यांच्या लेखणीतून उतरू लागली. १६ जुलैचा पहिला चाचणीस्फोट त्यांनी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पाहिला. ९ ऑगस्टला बाँबवाहू विमानाच्या सोबतीने उडालेल्या दुसऱ्या विमानात ते बसले होते. ठरलेले लक्ष्य कोकुरा हे शहर होते. तेथे खालचे काही दिसेना, म्हणून विमाने नागासाकीकडे वळली. खाली मरणाऱ्यांची कीव येते काय, असा प्रश्न लॉरेन्स यांनी आपल्या वृत्तान्तात स्वतःलाच विचारला आहे. पर्ल हार्बरची आठवण होताच कीव येत नाही, असे उत्तरही दिले आहे. उसळणाऱ्या ढगाचे त्यांनी केलेले वर्णन अत्यंत परिणामकारक आहे. मात्र त्यात माणूस नाही. त्या उंचीवरून माणूस दिसणे शक्यच नव्हते.

खाली उराकामी होते. धर्मगुरूंवाचून सुमारे अडीचशे वर्षे गुप्तपणे श्रद्धा जपणाऱ्या आणि १८६५ साली पुन्हा प्रकट झालेल्या ख्रिस्ती भाविकांची ती वस्ती. त्यांनी दीर्घ काळ खपून उभारलेले भव्य चर्च स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे ५०० मीटरवर होते. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण सहा दिवसांवर आला होता आणि चर्चमध्ये पापनिवेदन चालू होते. ११ वाजून २ मिनिटांनी पापनिवेदन ऐकणारे आणि करणारे एकाच क्षणी संपले. उराकामीच्या सुमारे १२ हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजार मृत्यू पावले, असे सांगितले जाते.

येथपर्यंत लॉरेन्स यांना दोष देणे अवघड आहे. युद्धकाळात काही गुपिते राखावी लागतात. शिवाय विमानातून जेवढे दिसले तेवढे त्यांनी लिहिले. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. जपानने शरणागती पत्करल्यावर विल्फ्रेड बर्चेट हे ऑस्ट्रेलियन पत्रकार एकटेच हिरोशिमाला पोहोचले. अंगावर ओरखडाही नसलेली माणसे काही आठवड्यांनी गूढ रोगाने मरत आहेत, ही त्यांची बातमी ५ सप्टेंबर १९४५ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर चारच दिवसांनी अमेरिकन लष्कराने काही पत्रकारांना न्यू मेक्सिकोच्या चाचणीस्थळी नेले. जमिनीवर उपकरणे लावून तेथे किरणोत्सर्ग किती कमी उरला आहे ते दाखविण्यात आले. १२ सप्टेंबरला लॉरेन्स यांची बातमी आली. तिचे तात्पर्य असे की, माणसे स्फोटाच्या आघाताने मेली, किरणोत्सर्गाने नव्हे; जपानी सांगतात तो निव्वळ प्रचार आहे.

उपकरणांवरील आकडे खोटे नव्हते. पण ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर होते. स्फोटानंतर दोन महिन्यांनी वाळवंटाच्या मातीत काय उरले, हा एक प्रश्न. आणि स्फोटाच्या त्या क्षणी शहरातील माणसांच्या शरीरांतून किती किरण आरपार गेले, हा दुसरा. हा भेद सामान्य वाचकाला कळणार नव्हता. तो उलगडून सांगणे हेच दुभाष्याचे काम होते, आणि अणूचे रहस्य इतकी वर्षे लोकांना समजावून सांगणाऱ्या लॉरेन्सइतका त्या कामाचा अधिकारी वार्ताहर दुसरा कोण होता?

मौन आणि नकार यांतील अंतर येथे स्पष्ट होते. जे सांगण्याची मुभा नाही ते न सांगणे एक वेळ कर्तव्य ठरू शकेल. परंतु दुसऱ्या साक्षीदाराचे खरे बोलणे आपल्या प्रतिष्ठेच्या बळावर खोटे ठरविणे, हा शेजाऱ्याविरुद्धचा अपराध आहे. आठव्या आज्ञेचा गाभा हाच आहे. तेथे शब्दांची मोजदाद होत नाही. आपल्या साक्षीमुळे शेजाऱ्यावर काय ओढवले, ते पाहिले जाते. हिरोशिमा-नागासाकीच्या रुग्णांवर काय ओढवले? त्यांच्या वेदनेला ‘प्रचार’ हे नाव मिळाले. १९४६ साली लॉरेन्स यांना पुन्हा पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि १९५६ ते १९६४ या काळात ते आपल्या वर्तमानपत्राचे विज्ञान-संपादक होते. ६ सप्टेंबर १९४५ रोजी नागासाकीत पोहोचलेल्या जॉर्ज वेलर या वार्ताहराची वार्तापत्रे मात्र लष्करी सेन्सॉरने अडवून ठेवली. त्यांच्या कार्बन प्रती वेलर यांच्या मृत्यूनंतर मुलाला सापडल्या.

लॉरेन्स दुष्ट होते, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. निर्वासित तरुणाला आपलेसे करणाऱ्या देशाविषयी त्यांना कृतज्ञता वाटली असेल, तर ती स्वाभाविकच होय. मोह पैशाचाच असतो असे नाही. बंद दाराआड एकट्यालाच प्रवेश मिळणे हा अधिक सूक्ष्म मोह आहे. ज्याने दार उघडले त्याच्या डोळ्यांनी माणूस हळूहळू पाहू लागतो, आणि आपली दृष्टी बदलली हे त्याला उमगतही नाही.

त्याच उराकामीत एक क्ष-किरणतज्ज्ञ होते, डॉ. ताकाशी नागाई. १९३४ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. क्ष-किरणांच्या सततच्या कामामुळे त्यांना रक्ताचा कर्करोग जडल्याचे बाँबपूर्वीच, जून १९४५ मध्ये, निष्पन्न झाले होते. ९ ऑगस्टला ते स्वतः जखमी झाले, तरी रुग्णांची शुश्रूषा करीत राहिले. घराच्या राखेत पत्नी मिदोरीच्या अस्थी आणि तिची जपमाळ त्यांना सापडली. पुढे त्यांनी रुग्णांची लक्षणे नोंदवून ठेवली आणि ‘नागासाकीच्या घंटा’ हे पुस्तक लिहिले. १ मे १९५१ रोजी त्यांचे निधन झाले. लॉरेन्स आणि नागाई दोघांनाही अणूचे विज्ञान ठाऊक होते. एकाने ढग वरून पाहिला, दुसऱ्याने त्याच्याखाली उभे राहून रुग्णांचे हात धरले.

प्रत्येक वार्ताहर नागाई होऊ शकणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु वाचकांवरही काही जबाबदारी आहे. एखादे औषध निर्धोक आहे, एखाद्या कारखान्याचे सांडपाणी निरुपद्रवी आहे, अशी बातमी घरात वाचली जाते, तेव्हा मुलांना शेजारी बसवून दोन प्रश्न विचारावेत. हे सांगणारा कोठे उभा राहून पाहत होता? आणि ज्यांना झळ पोहोचली त्यांना कोणी विचारले काय? उराकामीच्या ढिगाऱ्यातून उकरून काढलेली चर्चची घंटा १९४५ च्या नाताळात पुन्हा वाजली, तेव्हा ती ऐकायला उरलेली माणसे तेथेच होती. त्यांची साक्ष घेण्यासाठी कोणत्याही गुप्त परवान्याची गरज नव्हती.