कैफियतीखालची सही

ख्रिस्ती माणसाने न्यायालयात जावे किंवा नाही, हा प्रश्न आपल्या मंडळीत नवा नाही. करिंथ येथील बंधूंनी आपसांतील तंटे बाहेरच्या न्यायसभेपुढे नेले तेव्हा पौलाने त्यांची कानउघाडणी केली, हे आपण सर्व जाणतो. परंतु त्या उपदेशाचा रोख दावा लावणाऱ्यावर आहे. दावा दुसऱ्याने लावला असेल आणि उत्तर आपल्याला द्यायचे असेल, तर काय करावे? मागितलेली रक्कम मुकाट्याने देऊन टाकावी, की उभे राहून ‘हे देणे मी लागत नाही’ असे म्हणावे? आणि तसे म्हणताना किती बोलावे, किती मनात ठेवावे? इंग्लंडहून आलेल्या एका पत्रामुळे गेले काही महिने हा प्रश्न माझ्यापुढे उभा आहे. तो वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा तिकडे एका रुग्णालयात परिचारक आहे. ‘प्रिय मामा, सप्रेम सलाम’ अशी नेहमीची सुरुवात करून त्याने लिहिले होते की, वाहनतळ चालविणाऱ्या एका खासगी कंपनीने त्याच्यावर दिवाणी दावा लावला आहे. प्रसंग दोन होते. पहिल्या वेळी त्याने यंत्रात पैसे भरले, परंतु गाडीचा क्रमांक टाकताना एक अक्षर चुकले. कॅमेऱ्याने टिपलेला क्रमांक आणि पैसे भरलेला क्रमांक जुळेना, तेव्हा गाडी फुकट उभी केली असे कंपनीने ठरविले. दुसऱ्या वेळी, दोन तास मोफत असलेल्या जागेत, औषधांच्या दुकानात खोळंबा झाल्याने त्याची गाडी चाळीस मिनिटे जास्त उभी राहिली. प्रत्येक प्रसंगाबद्दल १०० पौंडांची मागणी आली. रात्रपाळी आणि घरात तान्हे मूल, या धांदलीत पत्रे खणात पडून राहिली. मागणीत प्रत्येकी ७० पौंड वसुलीखर्च वाढला, पुढे न्यायालयाची फी व वकिलाचा ठरावीक खर्च मिळून ४४० पौंड आणि वर व्याज, एवढी रक्कम झाली.

‘एवढे पैसे भरून मोकळा होऊ का?’ असे त्याने विचारले होते. परंतु त्याला खरी टोचणी वेगळीच होती. दुसऱ्या प्रसंगाची नोटीस त्याला एकोणिसाव्या दिवशी मिळाली होती. हे ऐकून एक सहकारी म्हणाला, ‘गाडी तुझी बायकोही चालवते. त्या दिवशी कोण चालवत होते ते सांगूच नकोस, कंपनीला सिद्ध करता यायचे नाही.’ दुसरा म्हणाला, ‘मी चालवत नव्हतो, असे सरळ लिहून टाक.’ भाच्याने लिहिले होते, ‘मामा, खोटे तर मी लिहिणार नाही. पण गप्प राहणे हेही खोटेच का?’

उत्तर देण्यापूर्वी मला त्या देशातील कायदा थोडा समजून घ्यावा लागला. खासगी जागेत गाडी उभी केल्याबद्दल मागितली जाणारी ही रक्कम सरकारी दंड नव्हे. नगरपालिकेची दंडाची नोटीस आणि कंपनीची ही नोटीस इंग्रजी आद्याक्षरांत सारखीच दिसते, त्यामुळे अनेकांची गल्लत होते. कंपनीचा दावा कराराचा असतो. तळावर फलक लावलेला असतो, गाडी उभी करणाऱ्याने त्यावरील अटी मान्य केल्या असे कायदा समजतो, आणि अट मोडल्यास फलकावर लिहिलेली रक्कम मागितली जाते. तेव्हा कैसराचे ते कैसराला द्यावे, ही आज्ञा येथे सरळ लागू पडत नाही. कंपनी म्हणजे कैसर नव्हे. येथे दोन पक्ष आहेत आणि त्यांच्यात देणे आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून कंपनीची बाजू नेहमी खोटीच असते असेही नाही. चेम्सफर्ड येथील एका दुकानसंकुलाच्या तळावर २०१३ साली एक गृहस्थ दोन मोफत तासांपेक्षा ५६ मिनिटे जास्त थांबले. त्यांच्याकडे ८५ पौंड मागण्यात आले. रक्कम अवाच्या सवा आहे, ही भरपाई नसून शिक्षा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ‘पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस’ या नावाने तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये सात न्यायाधीशांपैकी सहांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. जागा वेळेवर मोकळी व्हावी, दुकानात येणाऱ्या इतरांना ती मिळावी, यात कंपनीचे रास्त हित आहे आणि त्या मानाने ही रक्कम बेसुमार नाही, असे न्यायालयाने म्हटले. आपल्याला एखादी रक्कम जड वाटते, तेवढ्यावरून ती अन्यायाची ठरत नाही, हा धडा त्यात आहे. जो माणूस आपल्यामागून जागा शोधत फिरत होता, तोही आपला शेजारीच.

आता पहिल्या प्रसंगाकडे वळू. भाच्याने पैसे भरले होते, बँकेच्या खात्यात त्या दिवशीची नोंद होती. चूक होती ती एका अक्षराची. हे देणे तो लागत नव्हता, असे मला स्पष्ट दिसते. तरी शांतीसाठी द्यावे काय? मंदिराच्या कराविषयीची शुभवर्तमानातील हकिगत येथे आठवते. येशूने आधी पेत्राला प्रश्न विचारून पुत्र या करातून मोकळे आहेत हे त्याच्या ध्यानात आणून दिले, आणि मग कोणाला अडखळण होऊ नये म्हणून कर दिला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आपला हक्क ओळखून जो तो सोडतो, तो देणगी देतो. भीतीपोटी जो पैसे भरतो, तो देणगी देत नाही, केवळ दबतो. फिलिप्पै येथे पौलाला खटल्यावाचून फटके मारले आणि मग गुपचूप सोडून देऊ केले, तेव्हा तो निमूटपणे निघून गेला नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे, असे त्याने सांगितले. पुढे त्याने कैसराकडे दादही मागितली. आरोपाला उत्तर देणे म्हणजे सूड घेणे नव्हे.

उत्तर न देणे मात्र सर्वांत वाईट. दावापत्र मिळाल्यापासून चौदा दिवसांत, आणि दावापत्र पोचल्याचे कळविल्यास अठ्ठावीस दिवसांत, कैफियत दाखल करावी लागते. ती मुदत टळली की वादीला एकतर्फी हुकूमनामा मागता येतो. त्याची पूर्ण रक्कम महिन्याच्या आत भरली नाही, तर नोंद सहा वर्षे राहते, आणि कर्ज मिळण्यात किंवा भाड्याने घर मिळण्यात आडवी येते. खणात टाकलेले पत्र आपल्या वतीने काही बोलत नाही.

दुसरा प्रसंग अवघड आहे. तेथे कायदा भाच्याच्या बाजूने होता आणि सत्य त्याच्या विरुद्ध. २०१२ पूर्वी इंग्लंड व वेल्समध्ये खासगी जागेत गाडीच्या चाकाला जॅमर लावून पैसे उकळण्याचे प्रकार होत. २०१२ च्या कायद्याने ते बंद केले. त्याच कायद्याने कंपन्यांना एक सवलत दिली: चालक कोण होता हे कळले नाही, तर ज्याच्या नावे गाडीची नोंद आहे त्याच्याकडून रक्कम मागता येईल. सवलतीबरोबर अटी घातल्या. गाडीवर नोटीस लावलेली नसेल, तर टपालाने पाठविलेली नोटीस चौदा दिवसांच्या आत पोचली पाहिजे. ती उशिरा पोचली, तर नोंदणी असणाऱ्यावर बोजा टाकता येत नाही. फक्त चालकाकडे पैसे मागता येतात.

ही अट पोकळ पळवाट आहे असे मी म्हणणार नाही. ज्याने गाडी चालविलीच नाही, त्याला दुसऱ्याच्या चुकीचा भुर्दंड पडू नये, म्हणून ती आहे. अशा माणसाने तिचा आधार घेतला, तर त्यात कसलेही पाप नाही. पण भाचा स्वतः गाडी चालवत होता. निर्दोष माणसासाठी बनविलेली ढाल तो उसनी घेणार होता, आणि त्यासाठी आपल्या पत्नीवर संशयाची सावली पडू देणार होता.

कोणी म्हणेल, सिद्ध करण्याचा भार वादीवर आहे, त्याला आपण का मदत करावी? कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे. ज्याचे स्वातंत्र्य पणाला लागले आहे अशा आरोपीच्या मौनाचे मोलही मी जाणतो. परंतु आपण देणे लागतो हे ज्याला आतून ठाऊक आहे, त्याच्या मौनाचा हेतू काय? समोरच्याचा गैरसमज व्हावा, हाच ना? मग शब्द न उच्चारताही आपण खोट्याच्या दाराशी उभे आहोत. पिलातापुढे प्रभूही गप्प राहिला, पण ते मौन स्वतःला वाचविण्यासाठी नव्हते. शिवाय असे मौन फार काळ टिकतही नाही. कैफियतीखाली सही करताना मजकूर खरा असल्याचे निवेदन करावे लागते, जाणूनबुजून खोटे लिहिल्यास न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते. सुनावणीत न्यायाधीशाने ‘त्या दिवशी गाडी कोण चालवत होते?’ असे सरळ विचारले, तर मौनाचा आडोसा संपतो, आणि पुढे एक तर कबुली राहते किंवा खोटे.

मी भाच्याला लिहिले, ‘जे देणे नाही ते नाही म्हण. जे आहे ते आहे म्हण. दोन्ही एकाच कागदावर लिही.’

त्याने तसेच केले. पहिला आकार नाकारला आणि बँकेची नोंद जोडली. दुसऱ्याविषयी आपणच चालक होतो असे लिहून १०० पौंड भरले आणि वरचे ७० पौंड अमान्य केले. २२ मे २०२४ पासून तेथे अशा बहुतेक लहान दाव्यांत सुनावणीपूर्वी दूरध्वनीवरून विनामूल्य मध्यस्थी घेणे भाग असते. वाटेवर असतानाच वादीशी समेट करण्याचा प्रभूचा सल्ला आता तेथील न्यायव्यवस्थेतही शिरला आहे म्हणायचा. मध्यस्थीत मात्र जुळले नाही. सुनावणीत पहिला आकार फेटाळला गेला. दुसऱ्यापोटी भरलेले १०० पौंड पुरेसे ठरले, आणि फीचा काही वाटा त्याच्यावर बसला.

त्याचे सहकारी त्याला अजून हसतात. गप्प बसला असता, तर तेही पैसे वाचले असते, असे ते म्हणतात. कदाचित वाचलेही असते. ती रक्कम त्याच्या घराला जड गेली, हे मी लपवीत नाही. पण त्याने शेवटच्या पत्रात लिहिले आहे, ‘मामा, सही करताना बायको शेजारी उभी राहून वाचत होती. तिला काही विचारावे लागले नाही.’

वाचकहो, आपण प्रतिज्ञापत्रांवर, भाडेकरारांवर, रजेच्या अर्जांवर सह्या करतो. दावा लढवावा की सोडून द्यावा, हे प्रत्येकाने आपापल्या परिस्थितीप्रमाणे ठरवावे. दोन्हींना शास्त्रात आधार आहे. मात्र सहीपूर्वी मजकूर पुन्हा एकदा वाचावा, आणि तो घरातील माणसांपुढे मोठ्याने वाचता येईल का, हे स्वतःला विचारावे.