२७ कोटी आणि आमच्या घरातला लिलाव

२४ नोव्हेंबर २०२४. जेद्दाहमध्ये आयपीएलचा लिलाव चालू होता आणि इकडे पाचोऱ्यात आम्ही मोबाईलवर बघत होतो. लखनौने ऋषभ पंतला २७ कोटींना घेतलं. प्रत्येक संघाकडे एकूण १२० कोटी. त्यातले जवळजवळ पाव एकाच माणसावर. पप्पा म्हणाले, "एवढा पैसा वसूल तरी होईल का?" धाकटी बहीण माझ्याकडे बघून हसली. मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी अजिंक्य रहाणेला आधी कुणी घेतलंच नाही. नंतर कोलकात्याने त्याला मूळ किमतीला, दीड कोटीला घेतलं. त्याच संघाने व्यंकटेश अय्यरवर २३ कोटी ७५ लाख लावले होते. २०२५च्या हंगामात रहाणेने ३९० धावा केल्या, व्यंकटेशने १४२. पंतच्या २६९, त्यातल्या ११८ शेवटच्या सामन्यात.

मग महागडा खेळाडू घेऊच नये? एका हंगामावरून असं म्हणता येणार नाही. पण अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये याचा नीट हिशेब झालाय. तिथे लिलाव नसतो, नवे खेळाडू संघ आळीपाळीने निवडतात. वरचा नंबर मिळवायला काही संघ आपल्या पुढच्या अनेक निवडी देऊन टाकतात. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी बघितलं की आधी निवडलेला खेळाडू, त्याच जागेवर खेळणाऱ्या आणि त्याच्या लगेच नंतर निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरतो का. ठरतो, पण साधारण ५२ टक्के वेळा. म्हणजे जवळपास नाणेफेकच. वर निवडलेले खेळाडू चांगलेच असतात. चुकते ती आपली खात्री, आणि महाग पडते तीही खात्रीच.

आमच्या घरातली पहिली निवड मी होतो. डॉक्टर करायचं म्हणून बारावीनंतर मला बाहेरगावी क्लासला ठेवलं. दोन वर्षं कपाशीचा पैसा तिकडे गेला. दहावीला बहिणीला माझ्यापेक्षा चार टक्के जास्त होते, पण तिचं गावातलंच कॉलेज ठरलं. कुणी वाईट हेतूने केलं नाही. तिला कुणी विचारलंच नाही, एवढंच.

माझा नंबर लागला नाही. आज मी एका दुकानात हिशेब लिहितो, ती शिकवण्या घेते.

तिचा नंबर लागला असता का, कोण सांगणार? पण मला टोचतं ते वेगळंच. मी डॉक्टर झालो असतो, तर पैसा वसूल झाला म्हणून सगळे खूश असते आणि तिला न विचारल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नसतं. ते तरीही चूकच राहिलं असतं. लिलावात संघमालक स्वतःचे पैसे लावतो, हरला तर स्वतः हरतो. आमच्याकडे बोली माझ्यावर लागली, आणि किंमत मोजली तिने.

यंदा तिला एमपीएससीच्या तयारीसाठी पुण्याला जायचंय. पप्पांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, "वसूल होईल का?"

मी म्हटलं, "माझ्या वेळी विचारलं होतं का?"

पप्पा गप्प झाले. तिच्या खोलीचं निम्मं भाडं मी देणार आहे. ती पास होईल म्हणून नाही. तिची पाळी राहिली होती म्हणून.